खान्देशातल्या वायरमन भावांना खुलं पत्र: तिसरी वायर मोजून द्या

माझ्या वायरमन भावांनो आणि अलीकडं या कामात उतरलेल्या बहिणींनो,

स.न.वि.वि.

फ्रिजसमोर रबरी चपलांचा एक जोड कायमचा ठेवलेला असतो, अशी घरं जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मी पाहत आलो आहे. लेकरू फ्रिजकडं निघालं की आई आतून ओरडते, "आधी चप्पल घाल." पाहुणीला चहाबरोबरच हेही सांगितलं जातं. घरच्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. फ्रिजला "जराशा झिणझिण्या येतात", एवढंच. पण त्या घरात आपल्यापैकीच कुणीतरी गेलं होतं. त्यानं बोर्ड बसवला, फ्रिज लावून दिला, आतला दिवा लागलेला दाखवला आणि मजुरी घेऊन तो निघाला. काम अपुरं राहिलं होतं. हे पत्र त्या अपुऱ्या कामाबद्दल आहे, म्हणजे अर्थिंगबद्दल: यंत्राच्या पत्र्यावर आलेली वीज जमिनीत नेणाऱ्या तिसऱ्या, हिरव्या वायरीबद्दल.

मी आयटीआयमध्ये तारतंत्री व्यवसायाचा शिल्प निदेशक होतो. तुमच्यातले पुष्कळ जण माझ्या समोरच्या बाकांवर बसून गेलेत. आज तुमच्या हाताखाली मुलं शिकतात. म्हणून हक्कानं लिहितो.

आपण जी वायरिंग शिकलो ती वेगळ्या स्वयंपाकघरासाठी होती. एक बल्ब, एक मिक्सर आणि फार तर कोपऱ्यात फ्रिज. आता त्याच ओट्यावर इंडक्शन शेगडी आहे, मायक्रोवेव्ह आहे, सिंकच्या वर इन्स्टंट गीझर आहे आणि खाली आरओ आहे. कळण्याचं दळण गिरणीत न नेता घरघंटीवर काढणाऱ्या बाया गावोगाव झाल्या आहेत. श्रावणात कानबाईच्या रोटांचं दळण असलं की ती घरघंटी तासन्‌तास चालते. हे सगळं बहुतेक घरांत एका ६ अँपिअरच्या बोर्डावर येऊन पडलं आहे. कुठं तो बोर्ड धाब्याच्या घरातल्या जुन्या लाकडी पट्टीवर आहे, कुठं नव्या स्लॅबमध्ये. नवं घर म्हणजे नीट वायरिंग असं मात्र मुळीच नाही.

आकडे तुम्हाला माहीत आहेत, तरी पुन्हा मांडतो, कारण गिऱ्हाइकाला ते तुम्हीच सांगू शकता. २००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेते. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर घेतो. एक एचपीची घरघंटी चालू झाल्यावर पाच-सहा अँपिअरवर स्थिरावते, पण सुरू होतानाचा झटका त्याच्या कितीतरी पट असतो. शेगडीला आणि गीझरला ६ अँपिअरचं सॉकेट चालतच नाही. त्यांना १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य वाटप पेटीपासून, थेट ओढलेली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते, तिच्यावर स्वतंत्र एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडून लाइन तोडणारं बटण, लागतो. गीझरला मी तर ४ चौरस मिलिमीटरच टाकायला सांगतो. आणि दुकानात मिळणारा तो कन्व्हर्टर, म्हणजे मागं १६ चं सॉकेट आणि पुढं ६ च्या पिना असलेला ठोकळा, तो तुमच्या पिशवीत असूच नये. तो लावला की यंत्र चालतं. आठवडाभर, महिनाभर चालतं. मग एके दिवशी सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडतं, जळकट वास येतो आणि घरातली बाई म्हणते, शेगडी खराब निघाली.

प्लग तोडून उघड्या तारा सॉकेटात घालायच्या आणि आगपेटीच्या काड्या खोचून घट्ट करायच्या, हे अजूनही दिसतं. वरची जाड पिन कापून थ्री-पिनचा टू-पिन केलेलाही दिसतो. तीन भोकांचा एक्स्टेन्शन बोर्ड उघडावा तर आत वायरी दोनच, अर्थचं भोक शोभेचं. हे घरमालक करतो, मान्य आहे. पण पॉइंट जिथं हवा तिथं नसला की तो दुसरं काय करणार? ओट्यावर कोणतं यंत्र कुठं बसणार हे भिंत फोडायच्या आधी घरातल्या बाईला विचारा. घरमालकाला नको, बाईला. सिंकपासून दूर, शेगडीच्या ज्वाळेपासून दूर, आणि ओट्याच्या वर, हात न वाकवता पोचेल असा पॉइंट तीच अचूक दाखवते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हिरवी वायर.

आपल्याकडच्या स्वयंपाकघरांत सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागं काय असतं? एक तर काहीच नसतं. वायर ओढलेलीच नाही, किंवा ओढली आहे पण डीबीत वेटोळं करून सोडून दिली आहे. दुसरा प्रकार म्हणजे ती नळाला बांधलेली असते. नळ लोखंडी पाइपाचे होते तेव्हा त्यातून थोडंफार काम भागायचं. आज खुद्द जळगाव हे पीव्हीसी पाइपांच्या कारखान्यांचं गाव आहे, आणि घरोघरी तेच पाइप गेले आहेत. प्लास्टिकच्या पाइपाला अर्थ बांधला तर फ्रिजमधला दोष जमिनीत जात नाही, तो नळाच्या तोटीवर येऊन थांबतो. पाणी भरायला आलेल्या बाईच्या हाताची वाट पाहत.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. सॉकेटाच्या आतच न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) आणि अर्थ यांना एका छोट्या तुकड्यानं जोडून द्यायचं. टेस्टर लावला तर बॉडीवर काही दिसत नाही, झिणझिण्या लगेच बंद होतात, गिऱ्हाईक खूश. मी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "काही नही व्हस, भाऊ, न्यूट्रलबी जमिनीतच जास."

जातो, पण डीपीपाशी, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपाशी. डीपीपासून तुमच्या गिऱ्हाइकाच्या मीटरपर्यंत तो खांबांवरून, जोडांवरून, गंजलेल्या क्लॅम्पांवरून येतो. वैशाख-ज्येष्ठात रावेर-यावलकडं केळीच्या बागा आडव्या करणारं वादळ येतं तेव्हा या तारांचं काय होतं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहता. समजा सर्व्हिसची न्यूट्रल तार तुटली. फेज, म्हणजे वीज आणणारी तार, शाबूत आहे. घरातले दिवे बंद, पंखा बंद, सगळे म्हणतात लाइट गेली. पण एका पंख्याचं बटण चालूच राहिलेलं आहे. फेज त्या पंख्याच्या वाइंडिंगमधून घरातल्या न्यूट्रलवर येतो, न्यूट्रलवरून तुम्ही जोडलेल्या तुकड्यावर, आणि तुकड्यावरून फ्रिजच्या पत्र्यावर. लाइट गेली म्हणून बर्फ वितळायच्या आधी दूध बाहेर काढायला बाई अनवाणी, ओल्या हातानं फ्रिजपाशी जाते. त्या वेळी तिथं तिला टेस्टर कोण लावून दाखवणार? खांबावर काम करताना फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली तरी हेच होतं, आणि तिथं तर मध्ये पंख्याचासुद्धा अडथळा नसतो. थेट २३० व्होल्ट.

न्यूट्रल आणि अर्थ यांची गाठ डीपीपाशी पडलेली असते. घरातल्या सॉकेटात ती पुन्हा बांधायची नाही. कुठल्याही कारणानं नाही, "तात्पुरती" म्हणूनही नाही. या पत्रातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं ठरवलंत तर हे ठेवा.

शेतातल्या मळ्यावर फेज आणि जमीन घेऊन दिवा लावायची जी सवय लागली, तिनं आपलं मोठं नुकसान केलं आहे. अर्थ म्हणजे गरज पडली की वापरायची दुसरी न्यूट्रल, अशी समजूत त्यातून पक्की झाली. अर्थच्या तारेतून एरवी काहीच वाहायला नको. ती फक्त दोषाच्या वेळेसाठी असते.

झिणझिण्यांबद्दल आणखी थोडं. इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह आणि इन्व्हर्टर तंत्राचे नवे फ्रिज यांच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात. अर्थ जोडलेला नसेल तर त्यांच्यामुळं बॉडीवर जवळपास निम्मा दाब (व्होल्टेज) दिसतो. करंट अगदी थोडा, पण हाताला जाणवतो. म्हणजे नवं कोरं, निर्दोष यंत्रसुद्धा चिमटे काढतं, आणि त्यातून ते एकच गोष्ट सांगत असतं की इथं अर्थ नाही. अशा वेळी टू-पिन प्लग उलटा करून बघणं हा इलाज नव्हे. झिणझिण्या गेल्या तरी अर्थ आला असं होत नाही. पुढं आतली इन्शुलेशन खरोखर फुटेल तेव्हा इशारा मिळणार नाही, सरळ झटका बसेल.

आता तुमच्यातले जे मनापासून अर्थिंग करतात त्यांच्याशी बोलतो, कारण त्यांचीही फसगत होते, आणि ती टेस्ट लॅम्पमुळं. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा बल्ब लावायचा, तो भक्क लागला की "अर्थिंग ओके." हिशोब करून पाहा. १०० वॅटचा बल्ब ०.४३ अँपिअर घेतो. त्याचा रोध तापल्यावर ५३० ओहमच्या घरात असतो. तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा, म्हणजे जमिनीत पाइप पुरून केलेल्या जोडाचा, रोध ५० ओहम असला, म्हणजे अर्थिंग अगदी टाकाऊ असलं, तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात. डोळ्याला फरक कळत नाही. एलईडी बल्ब लावला तर तो याहून वाईट अर्थिंगवरही लागतो.

त्याच घरात फ्रिजच्या कॉम्प्रेसरची वायर बॉडीला लागली, तर २३० भागिले ५० म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास करंट जमिनीत जाईल. १६ चा एमसीबी साडेचार अँपिअरवर कशाला पडेल? तो दोष रात्रंदिवस चालू राहील, तासाला साधारण एक युनिट मीटरवर चढेल, घरमालक बिल घेऊन महावितरणच्या कार्यालयात भांडायला जाईल, आणि इकडं फ्रिजच्या पत्र्यावर जवळपास पूर्ण दाब उभा असेल. बल्ब मात्र म्हणाला होता, ओके.

म्हणून अर्थिंग मोजावंच लागतं, अर्थ टेस्टरनं, दोन खुंट्या ठोकून, ओहममध्ये.

खान्देशात ते वर्षातून कधी मोजता यालाही महत्त्व आहे. तापीच्या दोन्ही काठांची काळी माती ओली असताना अर्थिंगला फार चांगली. ऑगस्टमध्ये मोजलं तर असा सुंदर आकडा येतो की बघतच राहावं. तीच माती एप्रिल-मेमध्ये आकसते. तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि ती पाइपाला सोडून बाजूला सरकते. पाइप आणि माती यांच्यामध्ये हवा. पावसाळ्यात ४ ओहम दाखवणारा खड्डा मे महिन्यात कुठल्या कुठं गेलेला मी मोजला आहे. आणि नेमकं तेव्हाच कूलर, फ्रिज, सरबताचा मिक्सर असं सगळं एका वेळी चालू असतं. जुनी माणसं अर्थिंगचा खड्डा मोरीच्या पाण्याच्या वाटेवर घ्यायची, त्यामागं पक्कं शहाणपण होतं. आता मोरीचं पाणी सिमेंटच्या गटारात जातं. मग अडीच मीटरचा पूर्ण पाइप घाला. कापून दीड मीटरचा करू नका. नुसतं मीठ-कोळसा भरण्यापेक्षा बेंटोनाइट ही ओल धरणारी चिकणमाती वापरा. मिठानं जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप खाऊन जातो, हे खड्डा उकरल्यावर तुम्हालाही दिसलं असेल. वरचं नरसाळं माती टाकून बुजवू नका आणि घरच्यांना उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायला सांगा. खड्ड्यातून निघालेली आठ गेजची तार पाइपाला नुसती गुंडाळलेली नको, नटबोल्टनं आवळलेली हवी, आणि तो जोड दरवर्षी डोळ्यांखालून गेला पाहिजे.

सातपुड्याच्या बाजूला, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर किंवा साक्रीच्या मुरमाड माळावर गणित वेगळं आहे. खाली खडक लागतो. एका पाइपानं भागत नाही. दोन पाइप, एकमेकांपासून निदान पाइपाच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर, आणि दोन्ही एकत्र जोडलेले. जवळजवळ ठोकले तर दुसऱ्याचा उपयोग फारसा होत नाही.

एवढं सगळं करूनही माणूस पुरता वाचत नाही, हे मला आज सगळ्यात जास्त सांगायचं आहे. खड्डा अतिशय चांगला झाला, ५ ओहम आला, असं धरा. डीपीजवळच्या न्यूट्रल अर्थिंगचे आणखी ५ ओहम धरा. दोषाच्या वाटेवर एकूण १० ओहम. करंट २३ अँपिअर. १६ चा एमसीबी २३ अँपिअरवर पडायला तासभरसुद्धा घेऊ शकतो, आणि तोपर्यंत फ्रिजच्या बॉडीवर ११५ व्होल्ट राहतात. एमसीबी हा वायरीचा रक्षक आहे, माणसाचा नाही. त्याला अँपिअर कळतात. माणसाचं हृदय अँपिअरच्या हजाराव्या भागांवर बंद पडतं. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताची मूठ सुटेनाशी होते, आणि ३० च्या वर जास्त वेळ गेला की हृदयाची लय बिघडायचा धोका उभा राहतो.

म्हणून आरसीसीबी. ३० मिलिअँपिअरचा. दुकानदार रात्री गल्ल्यातून गेलेले आणि आलेले पैसे ताडून पाहतो, तसं हे यंत्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट क्षणोक्षणी ताडून पाहतं. फरक ३० मिलिअँपिअरवर गेला की लाइन तोडतं. अर्थिंग बिघडून १०० ओहमवर गेलं असलं तरी दोषाचा करंट २.३ अँपिअर निघतो, म्हणजे त्याच्या मर्यादेच्या सुमारे पंचाहत्तर पट. एवढ्यावर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. मे महिन्यातल्या भेगाळलेल्या मातीत स्वयंपाकघराला खरा आधार याचाच आहे.

आरसीसीबी लावला म्हणून अर्थ सोडायचा का? नाही. अर्थ असेल तर दोष होताच लाइन तुटते. अर्थ नसेल तर दोष वाट पाहत थांबतो आणि कुणी हात लावला की मगच लाइन तुटते. पहिल्या प्रकारात घरातला माणूस मध्ये येतच नाही. आणि आरसीसीबी लावला म्हणून एमसीबीही काढायचा नाही, कारण जास्त लोड किंवा शॉर्ट सर्किट हे आरसीसीबीचं काम नव्हे.

"सारखा पडतो म्हणून काढून टाकला." हे वाक्य मी अमळनेरपासून शहाद्यापर्यंत ऐकलं आहे. भावांनो, तो पडतो तेव्हा बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. आधी पाहा, कुठल्या सॉकेटात न्यूट्रल-अर्थचा तुकडा घातलेला आहे का. आपल्याकडं लोडशेडिंगच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले, आणि इन्व्हर्टरचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलमध्ये कुठंही गुंफून दिला गेला. फेज आरसीसीबीतून जातो आणि न्यूट्रल दुसऱ्याच वाटेनं परततो, मग हिशोब जुळणार कसा? दोन सर्किटांचे न्यूट्रल एका स्विचबोर्डात एकत्र झालेले असतील तरी तेच. हे सुटे करायला अर्धा दिवस जातो, मला माहीत आहे. तेवढं करून झाल्यावरही पडत असेल तर एकेक यंत्र काढून पाहा. गीझरच्या जुन्या कॉइलमध्ये ओल शिरलेली असते, मिक्सरच्या मोटारीत पाणी गेलेलं असतं, घरघंटीच्या मागं उंदरानं वायर कुरतडलेली असते. तेच तर शोधायचं होतं. ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्शुलेशन मोजायचं यंत्र, लावा. एक मेगओहमच्या खाली काही आलं तर ते यंत्र किंवा ते सर्किट दुरुस्त केल्याशिवाय चालू करू नका. आणि आरसीसीबीवरचं 'टी'चं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, हे घरातल्या बाईला तिच्या हातानं दाबायला लावून शिकवा.

उन्हाळ्याचा आणखी एक घोळ. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांचा. एमसीबीचं मोजमाप ३० अंशांवर ठरवलेलं असतं. पश्चिमेच्या भिंतीवर, चुलीच्या पाठीमागं बसवलेल्या पेटीत तापमान ५० च्या पुढं जातं आणि १६ चा एमसीबी साडेचौदा-पंधरालाच पडायला लागतो. गिऱ्हाईक चिडून फोन करतं. आपण जातो आणि ३२ चा टाकून येतो. मागची वायर मात्र २.५ चीच आहे, आणि त्याच उन्हानं तिचीही करंट वाहण्याची ताकद कमी झालेली आहे. पीव्हीसीचं आवरण ७० अंशांपर्यंतचं. आता वायर वितळली तरी एमसीबी शांत. पेटीची जागा बदला, लोड वाटा, नवी लाइन ओढा, पण वायर तीच ठेवून एमसीबी वाढवणं म्हणजे भिंतीत आग पेरून येणं आहे.

रंगांचंही एकदा स्पष्ट करून ठेवतो, नवीन मुलांसाठी. आपल्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा, निळा हे तीन फेज आणि काळा न्यूट्रल. यंत्राच्या कॉर्डमध्ये मात्र तपकिरी फेज, निळा न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा पट्ट्यांचा अर्थ. म्हणजे भिंतीतला निळा फेज असू शकतो आणि शेगडीच्या कॉर्डमधला निळा न्यूट्रल असतो. थ्री-फेजच्या घरात रंगाला रंग जोडून देणाऱ्या मुलाच्या हातून फार मोठा घात होऊ शकतो. सॉकेट समोरून पाहताना अर्थ वर, फेज उजवीकडं, न्यूट्रल डावीकडं. बटण फेजवरच. न्यूट्रलवर बटण टाकलं तर बंद मिक्सरमध्येही फेज बसलेला असतो, आणि बाई भांडं काढून तोच पुसते. प्लग बांधताना तारेचे धागे स्क्रूत बसत नाहीत म्हणून छाटू नका. कॉर्ड क्लॅम्पमध्ये आवळा. आणि आतली अर्थची वायर बाकी दोन्हींपेक्षा थोडी लांब, सैल ठेवा. कुणी कॉर्ड ओढली तर सगळ्यात शेवटी ती निघाली पाहिजे. अर्थची पिन इतरांपेक्षा लांब असते तीही याच कारणानं. ती आधी जुळते आणि शेवटी सुटते.

तुम्ही म्हणाल, सर, पॉइंटप्रमाणे मजुरी मिळते, यात अर्थिंगचे पैसे कोण देतो? खरं आहे. लाखाच्या टाइल्स लावणारा माणूस अर्थिंगच्या खड्ड्यावर येऊन घासाघीस करतो. पण त्याला पर्याय तुम्हीच देता ना? "साहेब, न्यूट्रलवरून करून देतो" हे वाक्य आपल्या तोंडून निघतं, त्याच्या नाही. आरसीसीबी ब्रँडप्रमाणे दोन हजारांच्या आसपास मिळतो, फ्रिज पंधरा-वीस हजारांचा. त्याला आकडा सांगा आणि लावायचा नसेल तर पॉइंट जोडून देणार नाही असं म्हणा. पाच जण म्हणतील, सहावा जाऊन करून देईल, हीच भीती आहे. म्हणून तर हे पत्र एकट्यादुकट्याला न लिहिता सगळ्यांना लिहितो आहे.

कायदाही तुमच्या बाजूचा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम २०१० साली आले आणि २०२३ साली नव्यानं आले. वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून आणि परवानाधारक माणसांच्या देखरेखीखालीच व्हावी, असं ते सांगतात. अर्थिंगसाठी आयएस ३०४३ आणि घरातल्या वायरिंगसाठी आयएस ७३२ ही मानकं आहेत. नव्या कनेक्शनच्या अर्जासोबत जो टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यात इन्शुलेशनचा आणि अर्थिंगचा आकडा लिहायची जागा असते. ती जागा घरी बसून भरली जाते, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. परवाना ज्यांच्या नावावर आहे त्या ठेकेदार मंडळींना हात जोडून सांगतो, न मोजलेल्या आकड्याखाली सही करू नका. तुमची सही पाहूनच पुढचा माणूस डोळे मिटून वीज जोडतो.

आता मागणं. ते एकच आहे.

स्वयंपाकघरात कुठलंही यंत्र जोडून दिलंत की डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, न पुसणाऱ्या मार्करनं, मोजलेल्या अर्थिंगचा ओहममधला आकडा लिहा. खाली तारीख आणि आपला परवाना क्रमांक. ज्याचा परवाना नाही त्यानं ज्याच्या परवान्यावर काम केलं त्याचा क्रमांक. आरसीसीबी दाबून पाहिला असेल तर तेही लिहा. पुढच्या वर्षी तुम्हीच जाल किंवा दुसरा कुणी जाईल, त्याला कळेल की खड्डा सुधारला का बिघडला. मोजणी जमेल तेवढी वैशाखात करा, पावसाळ्यातला आकडा पाहून समाधान मानू नका.

अर्थ टेस्टर महाग पडतो, एकट्याला परवडत नाही, हे मान्य. चोपडा, पाचोरा, शिरपूर, तळोदा, जिथं जिथं तुमचे दहा-पंधरा जणांचे गट आहेत तिथं वर्गणी काढून एक घ्या आणि आळीपाळीनं वापरा. तोवर जवळच्या आयटीआयमध्ये जा. तारतंत्री आणि वीजतंत्री या व्यवसायांच्या प्रयोगशाळेत टेस्टर असतो, मेगरही असतो. तिथल्या निदेशकांना विनंती करा, विद्यार्थ्यांना घेऊन एखाद्या गल्लीत मोजणीला चला म्हणा. मुलांचं प्रात्यक्षिक होईल आणि गल्लीतली घरं मोजून होतील. कुणाला खुंट्या कुठं ठोकायच्या, आकडा कसा वाचायचा याबद्दल शंका असेल तर मी कुठल्याही रविवारी, कुठल्याही तालुक्याला यायला तयार आहे. वाटखर्च माझा.

आपला,
तारतंत्री व्यवसायाचा एक निवृत्त शिल्प निदेशक,
जळगाव जिल्हा